बाळ हलेना म्हणून

सेल्व्हाबेल्ला, ३ मार्च १९६३

तीर्थरूप बाबांना निकोलिनाचा सा. न. वि. वि. (रुसलेल्या बाबांनाही.)

पाचवा महिना सरत आला. बाळ वीतभर झालंय, भुवया उमटल्यात, कानांना ऐकू येऊ लागलंय, असं सुईणबाई सांगतात. लाकडी नळी लावून त्या ठोके ऐकतात. मला मात्र अजून एक लाथ नाही! तुमचा जावई दोनातो रोज पोटापाशी बसून ट्रंपेट वाजवतो. बाळ ढिम्म. शेजारच्या कोंबड्या तेवढ्या अंडी घालायच्या थांबल्या.

मला अंजिरांचे डोहाळे लागलेत, आणि मार्चात कुठली अंजिरं? डोहाळा पुरा झाला नाही तर आपला हात जिथे लागेल तिथे बाळाला डाग उठतो, म्हणून अंजीर आठवलं की हात चटकन मागे, बसायच्या जागी ठेवायचा, अशी सासूबाईंची सक्त ताकीद आहे. काल चर्चमध्ये आठवलं. पाद्रीबाबा बघतच राहिले.

थट्टा पुरे. बाबा, मला भीती वाटते. बसच्या धक्क्यांपायी मला कुणी तिकडे सोडत नाही, तर तुम्हीच या ना. लोभ आहेच, तो जरा दरी ओलांडून यावा.

तुमची निकोलिना

रोक्कामारा, ८ मार्च

चि. निकोलिनास अनेक आशीर्वाद. जावईबापूंनाही, थोडे कमी.

सेल्व्हाबेल्लाच्या ट्रंपेटला दाद देत नाही, म्हणजे पोर कानाने आपल्यावर गेलंय. तुझ्या लग्नाच्या वरातीत आमच्या बँडचं संपायच्या आत त्या लोकांनी आपलं सुरू केलं, हे तू विसरलीस, मी नाही. त्या गावात पाय ठेवणार नाही अशी आपल्या गावच्या संतासमोर शपथ घेतलीय मी.

पण तुझं पत्र चारदा वाचलं. जेवण जात नाही. आता शपथ पायाची आहे, चाकांची नाही. मासेवाल्या साव्हेरिओचा तीनचाकी टेम्पो रविवारी मोकळा असतो. १७ तारखेला बाल्कनीत उभी राहा. बँडमधला माझा तो मोठा ट्यूबा घेऊन येतो. खाली उतरणार नाही.

तुझा हट्टी बाप, जेरार्दो

सेल्व्हाबेल्ला, १८ मार्च

ती. बाबांस सा. न. वि. वि.

घरी जाऊन तुम्ही काय सांगत सुटाल ते मला ठाऊक आहे, म्हणून खरं काय घडलं ते लिहून ठेवते. माशांच्या पेट्यांत बसून तुम्ही ट्यूबावर तीन गाणी वाजवलीत. बाळ ढिम्म. गावातली यच्चयावत मांजरं टेम्पोभोवती जमली. मग दोनातोला चेव आला, त्याने ट्रंपेट काढला, आणि दोघांनी मिळून असा गोंधळ घातलात की सासूबाईंनी खिडक्या लावून घेतल्या.

शेवटी दमून तुम्ही ट्यूबा खाली ठेवलात आणि वर बघून ओरडलात की अगं पोरी, हलतंय का काही? लग्नानंतर पहिल्यांदा तुमचा आवाज कानावर पडला. आणि बाबा, तेव्हाच आतून टक्‌ झालं. मी किंचाळले. तुम्हाला वाटलं काही भलतंच झालं, आणि तुम्ही उडी टाकून धावत जिना चढलात. दोन्ही पायांनी! मी मोजले. एक बूट पेटीत अडकून राहिला होता, तो मांजरांच्या तावडीतून सोडवलाय. न्यायला यावं, ही विनंती.

तुमची निकोलिना

रोक्कामारा, २० मार्च

चि. निकोलिनास अ. आ.

बूट नसलेला पाय शपथेत धरायचा नाही. दुसऱ्या पायाबद्दल मी संताशी बोललो. त्याची काही हरकत दिसली नाही.

बाळ ट्यूबानेच हललं असं मी गावात सांगितलंय, ते खोडून काढू नकोस. पोटावर हात ठेवल्यावर त्याने मला लाथ मारली तेव्हा जावईबापू रडले आणि मी नाही, असंही सांगितलंय. तेही खोडू नकोस.

सोबत सुकी अंजिरं आहेत. खा, आणि चर्चमध्ये हात पुढे जोडून बस.

पुढच्या रविवारी बसने येतो. ट्यूबा आणत नाही. जिन्याखालूनच हाक मारीन, म्हणजे बाळाला कळेल कोण आलंय.

लोभ तिघांवर. जावईबापू धरून.

तुझा बाबा