मराठीतले चार प्रश्न

लिक्सलिप, आयर्लंड, गुरुवार

आई गेल्यानंतरचा पहिला वल्हांडण, आम्हा ज्यूंचा सण. विद्यापीठातल्या ज्यू मुलांबरोबर जेवले. सगळ्यांत धाकटी मी, म्हणून सणाचे चार प्रश्न मी विचारायचे.

"हिब्रू नेहमीचंच," त्यांच्यातली हाना म्हणाली. "तू तुमच्या मराठीत विचार."

पहिला विचारला आणि थांबले. अलिबागला घरी इथवर आलं की आई उत्तर द्यायची, कधी प्रश्न पुरा व्हायच्या आतच. "विचार लवकर, जेवण गार होतंय."

किती वेळ थांबले मी? सगळे माझ्याकडे बघत होते. हानाला वाटलं, विसरले. "यू आर ग्रँड," ती हळूच म्हणाली, म्हणजे इथल्या बोलीत काही हरकत नाही, "सावकाश."

विसरले नव्हते. चारही प्रश्न तोंडपाठ आहेत. उत्तरं मला कधी पाठ करावीच लागली नव्हती.