पहूरच्या मातीत उभं राहिलेलं बीट

प्रिय दिपू,

साखरबीट जगलं. आधी हेच लिहितो, बाकीचं मागून. तुझ्या सासरच्या मातीत जगलं. तीच माती, जिच्यापायी चार वर्षं तुझी अक्षय्य तृतीयेची आखाजी माहेरी न होता पहूरलाच होते आहे. शेजारच्या ओळीत मुद्दाम बाहेरचं बियाणं लावलं होतं. गेलं नवरात्र बसेपर्यंत त्याचा चिखल झाला. माझी दहातली सात झाडं टणक राहिली. तीन गेली, तेही सांगतो. खोटं सांगून बियाणं सुधारत नाही.

तुला आठवत असेल, एका कारखान्याने तुमच्याकडे बीट लावायला दिलं आणि आपल्या दाजींचं, अभिमनरावांचं, अख्खं वावर मुळाशी सडलं. बीटाच्या मानेपाशी पांढरी बुरशी, तिच्यात मोहरीसारखे तपकिरी दाणे. सगळ्यांनी नांगर फिरवला आणि मी सोनगीरहून दोन गोण्या माती मागायला आलो. रोगाला पुरून उरणारं झाड हवं तर आधी रोग अस्सल हवा, हे मी पुस्तकं धुंडाळून शिकलो होतो. कोणी शिकवलं नाही म्हणून विसरलोही नाही. पण वावरातली माती बाहेर देणं म्हणजे लक्ष्मी देणं, असं तुमच्या घरी मानतात. तुझ्या सासूबाई, शेवंताबाई, ओट्यावरून म्हणाल्या, "न्या भाऊ, खुशाल न्या. तिच्यात पिकलेलं ओंजळभर परत आणाल, तेव्हाच बहिणीलाही आखाजीला न्या." अभिमनराव चपलांकडे पाहत राहिले. तू दाराआड हसलीस. तुला वाटलं, एका वर्षाचा तर प्रश्न आहे. मलाही तसंच वाटलं होतं.

ती माती मी विहिरीजवळच्या वाफ्यांत पसरली. लोक रोग जावा म्हणून फवारतात, मी रोग वाढावा म्हणून पाणी भरत होतो. वाचलेली मोजकी बीटं दिवाळीला उपटली. बीटाला कडक थंडी भोगल्याशिवाय फूल येत नाही आणि आपली थंडी म्हणजे चार दिवसांची पाहुणी. म्हणून ती दोंडाईच्याला मिरचीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये पाच अंशांवर ठेवली. संक्रांतीला आणून परत लावली आणि वर बल्ब टांगले, दिवस मोठा झालाय असं झाडाला वाटावं म्हणून. येणारा-जाणारा विचारायचा, "काय हिलालभाऊ, बीटनं लगीन शे का?" मी म्हणायचो, "शे ना, जेवाले या!"

बी धरलं, पेरलं, आणि उगवलं काय? पानं सुपाएवढी, मुळं करंगळीएवढी! तुझ्या वहिनीने परसात बियांसाठी सोडलेला पालक नेमका तेव्हाच फुलला होता. आपला देशी पालक म्हणजे बीटाचा सख्खा चुलतभाऊ. वाऱ्यावर पराग आले आणि सगळा घोळ झाला. वहिनी म्हणाली, "भाजी तरी झाली ना?" पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पण पुढच्या खेपेला तिनेच जुन्या लुगड्यांचा आडोसा शिवून फुलोऱ्याभोवती बांधला आणि आळीतल्या एकीचाही पालक फुलू दिला नाही. शेजारच्या भिकुबाईशी त्यावरून जुंपली, ती हकीकत तू आल्यावर वहिनीच्याच तोंडून ऐक.

आणि यंदा, गेल्या आठवड्यात, त्या टणक सात झाडांचं बी हातात आलं. काटेरी, खडबडीत गोळ्या. दिसायला काहीच नाही. मी मूठ भरली आणि चांगला मोठ्याने ओरडलो. विहिरीवरची कबुतरं उडाली.

हे फोनवर दोन वाक्यांत झालं असतं. पण फोन तू एकटीच ऐकतेस. हे पत्र जेवणं झाल्यावर ओट्यावर बसून खणखणीत वाच, शेवंताबाईंना ऐकू जाईल असं. पालकाचं वगळू नकोस, त्या हसतील. आणि त्यांना सांग, तुमच्या मातीतला रोग एवढा कडक नसता तर हे बीटही एवढं कडक झालं नसतं. ओंजळभर मागितलं होतं, मी पिशवीभर आणतोय. पाऊस उतरला की पहिली ओळ त्यांच्याच वावरात, त्यांच्याच हाताने. आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळच्या एसटीने पोचतो. बॅग भरून ठेव. चारही वर्षं तुझा आखाजीचा झोका बांधायला चुकलो नाही, पण यंदा दोर नवा घेतला आहे.

तुझाच,
हिलालभाऊ