बोटीला ब्रेक नाय

१ जानेवारी २०२६, गुरुवार. सकाळी ६.१०
नवी वही. संकल्प एकच: मोटारबोट शिकणे. चार दिवसांचं काम आहे. लोकांना बरं वाटावं म्हणून २६ तारीख सांगितली.

नोंद असावी म्हणून लिहितो. आमचं अचूक मोटार ड्रायव्हिंग स्कूल, सिडको, दिवाळीत बंद झालं. पडलं नाय, मी केलं. लोक आता ऑटोमॅटिक गाड्या घेतात अन् मेहुण्याकडून शिकतात. बावीस वर्षांत २,३१४ माणसं शिकवली. गाडी विकली, पण माझ्या बाजूचा जादा क्लच-ब्रेक काढून माळ्यावर ठेवलाय. त्यावर कुणाचा हक्क नाय.

माझा मेहुणा इंद्रजीत. सिल्लोड रोडला तलावाकाठी त्याचं हुरडा पार्टीचं केंद्र आहे. यंदा बोट आणलीय. म्हणाला, दाजी, २६ ला उद्घाटन, पहिली फेरी घरच्यांची. बोट धक्क्याला सुखरूप लावून दाखवा, नोकरी तुमची. नाहीतर बाहेरून माणूस आणतो. परीक्षा, अन् माझी.

बायको सारजा म्हणाली, जा बाई एकदाचे. दिवाळीपासून घरी बसून मला चपाती लाटायच्या सूचना देता.

३ जानेवारी, शनिवार
पहिला धडा. उस्ताद कमरोद्दीनभाई, सिल्लोडचे. पंधरा वर्षं कोकणात बोटींच्या इंजिनावर होते. मला सर म्हणतात. माणूस समजदार.

या बोटीला ॲक्सिलरेटर पायात आहे. दोन्ही हात स्टेअरिंगला मोकळे राहतात. दाबलं की वेग, सोडलं की कमी. गिअरचा दांडा बाजूला, बोट पुढं-मागं न्यायला. तो सध्या भाई सांभाळतात.

विचारलं, ब्रेक कुठंय. म्हणाले, बोटीला ब्रेक नाय सर. धक्का दिसला की पाँव उठाओ, पानी खुद रोकता. मी म्हणालो, ही रचना चुकीची आहे. कंपनीला पत्र लिहिणार.

४ जानेवारी, रविवार
धक्का जवळ आला. ब्रेक दाबला. ब्रेक नव्हताच, त्याच्या जागी ॲक्सिलरेटर होतं. बोट काठावरच्या बाभळीत. हुरड्याला आलेल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. नुकसान: बाभळीचं. कारण: बूट. उद्यापासून चप्पल.

६ जानेवारी, मंगळवार
चप्पल. बाभूळ तीच.

भाई म्हणाले, सर, घाबरलात की तुमचा पाय खाली जातो. घबराओ नक्को. मी घाबरत नाय. बावीस वर्षं शेजारी बसून याच पायानं माणसं वाचवली. क्रांती चौकात म्हैस आडवी आली तेव्हा विद्यार्थ्यानं डोळे मिटले होते, ब्रेक मी दाबला. धोका दिसला की पाय आधी दाबतो, मी नंतर विचार करतो. असा पाय मिळत नाय. बोटच त्या लायकीची नाय.

९ जानेवारी, शुक्रवार
सारजानं विचारलं, तुम्ही स्वतः गाडी शेवटची कधी चालवली? प्रश्न बिनकामाचा. तरी आठवून बघितलं. जालन्याच्या लग्नाला गेलो तेव्हा विद्यार्थी चालवत होता. दवाखान्यात विद्यार्थी. भाजीलाही विद्यार्थी. प्रॅक्टिस व्हायची बिचाऱ्यांची. ती म्हणाली, मी तुम्हाला स्टेअरिंगवर बघितलंच नाय कधी. मुद्दा तो नाय.

११ जानेवारी, रविवार
भाईंना शिकवणं म्हणजे काय ते समजावलं. माझी पद्धत अशी की पहिले आठ दिवस गाडी मीच चालवतो, विद्यार्थ्याला वाटतं तो चालवतोय. त्याच्याकडं स्टेअरिंग, बाकी सगळं माझ्या पायाखाली. गाडी मी थांबवायची अन् म्हणायचं, वा, काय थांबवली. माणूस फुलतो. भाई लई मन लावून ऐकत होते. विचारलं, और उसको पता नहीं चलता? म्हणालो, बापजन्मात नाय.

नंतर बाभूळ. वारा होता.

१५ जानेवारी, गुरुवार
काल संक्रांत, रजा. आज सारजा माझ्याबरोबर तलावावर आली, भाईंना तिळगूळ द्यायला. मी स्टेअरिंगवर सराव करत होतो (बोट बांधलेली). दोघं बाभळीखाली बराच वेळ बोलत होते. तलावावर येताना तिची पिशवी जड होती, घरी जाताना रिकामी. एवढा तिळगूळ कशाला द्यायचा म्हणतो मी.

१६ जानेवारी, शुक्रवार
लिहावं का नाय? लिहितो. बोट धक्का सोडून काठावर चढली अन् हुरड्याच्या आगटीपासून दोन हातांवर थांबली. कणसं भाजणाऱ्या गोजरबाई उठून पळाल्या. इंद्रजीत ओरडला नाय, तेच लागलं. हळू म्हणाला, दाजी, वैजापूरचा एक माणूस बघून ठेवलाय. रविवारी फोन करतो त्याला.

वाईट वाटलं. लई वाईट वाटलं. दिवाळीपासून मला कमरोद्दीनभाई सोडून कुणी सर म्हटलेलं नाय. ही नोकरी गेली तर मी फक्त दाजी.

चूक आगटीची आहे. काठाला एवढ्या जवळ कुणी पेटवतं का.

१८ जानेवारी, रविवार
ब्रेक बसला. माझी मागणी मान्य. ॲक्सिलरेटरच्या डाव्या अंगाला, फळीवर. भाई म्हणाले, सर, खास तुमच्यासाठी मागवला. रबर झिजलेलं आहे, पण पायाला असा बसला की जन्माची ओळख. धक्का आला, पाय उचलला, ब्रेक दाबला. बोट अलगद थांबली. भाई म्हणाले, वा सर, काय थांबवली.

इंद्रजीतनं बघितलं. फोन खिशात ठेवला.

मी म्हणतच होतो.

२२ जानेवारी, गुरुवार
सलग अकरा वेळा. बाभळीला पालवी फुटेल आता. कंपनीच्या पत्राचा कच्चा खर्डा तयार: आपल्या बोटीतील दोष मी दूर केला आहे.

भाई शेजारीच बसतात, हात गिअरच्या दांड्यावर. सांधे दुखतात म्हणे, टेकवला की आराम पडतो. मी ब्रेक दाबला की त्यांचा हात जरा हलतो. दुखत असणार. भला माणूस.

२६ जानेवारी, सोमवार. दुपारी २
झालं. पहिली फेरी. बोटीत इंद्रजीत, त्याची बायको, आमची श्रेया अन् जावई. भाई शेजारी, हात दांड्यावर. सारजा एकदम पुढं, माझ्याकडं तोंड करून. तलावाला पूर्ण चक्कर. धक्का आला, ब्रेक दाबला. श्रेयाच्या हातातला चहा हिंदकळला नाय. इंद्रजीतनं नारळ फोडला अन् उद्यापासून या म्हणाला.

उतरताना सारजा हळूच म्हणाली, चालवताना बरे दिसता तुम्ही. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. असं ती पहिल्यांदा म्हणाली.

दुपारी ४.३०
पेन बोटीत पडलं. काढायला वाकलो. ब्रेकच्या खाली तार नाय. नळी नाय. चार स्क्रू अन् फळी. दांडीवर पांढऱ्या रंगानं लिहिलंय: अचूक. अक्षर माझं. गॅरेजवाल्यानं बदलू नये म्हणून मीच लिहिलं होतं.

संध्याकाळी ७
माळा बघितला. क्लच आहे. ब्रेक नाय.

सारजा भाकरी थापत होती. तिला विचारलं, हे काय केलंस. मान वर न करता म्हणाली, तुमच्या शिष्यांना तुम्ही सांगत होता का?

राग आला. आधी तिचा, मग भाईंचा. मग शाळेचं रजिस्टर काढून बसलो. २,३१४ नावं. पहिल्या आठ दिवसांत यातले किती जण घरी जाऊन बायकोला म्हणाले असतील, आज मी गाडी थांबवली. भाकरीबद्दल आज काही बोललो नाय.

२७ जानेवारी, मंगळवार
शांतपणे विचार केला. ब्रेकवर पाय न्यायचा तर ॲक्सिलरेटरवरून उचलावाच लागतो. म्हणजे पॅडल खोटं असलं तरी पाय खरा. शास्त्र माझ्याच बाजूनं आहे.

सकाळी भाईंना म्हणालो, दांड्यावरचा हात काढा. ते मागं जाऊन बसले. पाय मी उचलला, दांडाही मीच ओढला. बोट बाभळीपासून चार फुटांवर थांबली. धक्का बराच लांब राहिला. चार फूट लई असतात. एवढ्यावर मी विद्यार्थ्याला पास केलं असतं. भाई वा म्हणाले नायत. त्यांनी उठून दोरी टाकली अन् बोट ओढून धक्क्याला लावली.

मग विचारलं, सर, वो पॅडल निकाल दूँ? म्हणालो, राहू द्या. गिऱ्हाइकांना बरं वाटतं.

येताना शहागंजातून त्याला नवं रबर घेतलं. जुनं घसरतं.