अडतिसावं नाव

प्रिय दोर्रा,

चार वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही. आता माझं अक्षर पाहून तू पत्र न उघडताच ठेवून देशील, अशी धास्ती वाटते. गाबेसला मुलींना शिकवतेस, असं कानावर आलं. इथे ट्यूनिसच्या रुग्णालयात आपली कॉम्प्युटरची खोली तशीच आहे. दुपारी अजून तुझ्या वेळची ती हरभऱ्यांची गरम लबलाबी मागवतात. मला ती गिळवत नाही.

डायलिसिसचा विभाग नव्या इमारतीत हलला, तो आठवडा आठवतो ना? रुग्णांना निरोप धाडायचा प्रोग्राम माझा होता. डेटाबेसमधून चाळीस नावं यादीत घ्यायची, आधीच दाखल असलेली पाच मधून गाळायची, उरलेल्यांना मेसेज. तू माझ्या खांद्यावरून वाचून म्हणालीस, "लल्ला नजीबा, मधली नावं काढली तरी मागचे नंबर पुढे सरकत नाहीत हो. मोजणी पस्तीस येईल, पण शेवटचा माणूस चाळिसावाच राहील. तुमची फेरी पस्तीसला थांबणार." मी हसले. "तू शाळेत होतीस तेव्हापासून मी हेच लिहितेय. तू तेवढा मेसेजमधला नव्या इमारतीचा पत्ता नीट कर." रिकाम्या जागी प्रोग्राम अडू नये म्हणून चूक गिळून पुढे जायची सोयही मीच केली होती. त्यामुळे शेवटचे पाच जण राहिले, ते कुणाला कळलंच नाही.

आपले रुग्ण सी बशीर यादीत अडतिसावे होते. जुन्या इमारतीच्या बंद दारापाशी दोन तास बसून ते घरी परतले आणि डायलिसिसविना तिसऱ्या दिवशी वारले.

चौकशीत फाइलवर शेवटचा बदल तुझ्या नावावर निघाला, तो पत्त्याचा. साहेबांनी विचारलं, "हे कुणाचं काम?" तू माझ्याकडे पाहिलंस. मी टेबलाकडे पाहत राहिले. सी बशीरांची मुलगी वसीला तुला सगळ्यांसमोर नाही नाही ते बोलली, तुझी नोकरी गेली, तरी माझं तोंड उघडलं नाही.

परवा वसीला आईला घेऊन विभागात आली होती. माझा हात धरून म्हणाली, "तुम्ही भल्या. ती पोरगी मात्र कधी सुखी व्हायची नाही." ते ऐकवेना. तिथेच सगळं सांगितलं. तिने हात सोडवून घेतला आणि मग तुझा पत्ता मागितला. तुला बोललेले शब्द तिला परत घ्यायचे आहेत. साहेबांनाही मी काल लेखी दिलं. माझ्यासाठी काही मागत नाही. तुला न विचारता तुझ्याबद्दल पुष्कळ ठरवलं मी; या वेळी विचारते. देऊ का तिला पत्ता?

तुझीच म्हणवायला लाजणारी,
नजीबा