सिग्नलची वजावट

६ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ७.
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद कोणीतरी ठेवायला हवी, आणि या काउंटीत तेवढं वाचन माझ्याखेरीज कोणाचं नाही.
काम असं. वडिलांच्या अक्रोडाच्या बागेत चाळीस घरं बांधायची. नव्या घरामागे काउंटी रस्त्यांसाठी चार हजार डॉलर शुल्क घेते. म्हणजे एक लाख साठ हजार. पण काउंटीच्या यादीतला रस्ता बिल्डरने स्वतः बांधला, तर खर्चाची शुल्कातून वजावट मिळते. आल्मेडा रोडचा चौक यादीत आहे. तिथे सिग्नल आणि वळणाची लेन मी बांधणार. शुल्क शून्य.
त्या पैशांत आईचं कोपऱ्यावरचं घर आणि त्यापुढची सहा झाडं विकावी न लागता वाचतात. तिथे लुसिंडा राहते, माझी मोठी बहीण. तिला शब्द दिला. ती म्हणाली, शब्द तुझ्याकडे भरपूर आहेत अर्नी, मला कागद दे. माणसं वाचत नाहीत, म्हणून अशी संशयी होतात.

९ फेब्रुवारी
काउंटी कचेरीत पर्ला ओचोआबाईंना भेटलो. वजावटीचे करार त्या बघतात. म्हणाल्या, तुमचा करार बारा मार्चला बोर्डापुढे येईल, सही होईपर्यंत मातीला हात लावू नका, लावलात तर वजावट गेली. मी विचारलं, बाई, हा नियम कोणामुळे आला ठाऊक आहे? म्हणाल्या, ठाऊक आहे मिस्टर बेटनकोर्ट, तुमच्या भाषणाला घड्याळ मीच लावलं होतं.
दोन वर्षांपूर्वी तो बिल्डर हॅगर्टी आधी रस्ता बांधून मग वजावट मागायला आला. मी बोर्डाच्या सभेत माइकपुढे गेलो आणि तीन मिनिटांत त्याला झोपवला. ‘आधी सही, मग फावडं!’ बोर्डाने तोच नियम केला. रेकॉर्डिंग मी अजून ऐकतो. गाडीत.

१७ फेब्रुवारी
कंत्राटदार डुएन म्हणतो, बॉस, माझं मशीन या आठवड्यात मोकळं आहे, नाहीतर थेट मे. मी ठाम नकार दिला. नियम म्हणजे नियम.
मात्र भूमिपूजन करायला हरकत नाही. समारंभ म्हणजे काम नव्हे. फावडी सोनेरी रंगवून घेतली. सोनेरी फावड्याने रस्ता खणल्याचं इतिहासात उदाहरण नाही.

२४ फेब्रुवारी
समारंभ अपूर्व. रोमन रस्त्यांपासून सुरुवात केली, बावीस मिनिटं बोललो. लिंग्विसा सॉसेज भाजून तयार होती, तरी जवळजवळ कोणी उठलं नाही. शेवट असा केला: ‘आज काम सुरू झालं आहे, आणि ते कोणाच्या सहीसाठी थांबणार नाही!’ टाळ्या.
मागे डुएनकडून फोटोपुरतं मागवलेलं मशीन नुसतं उभं होतं, फोटोत खोटं दिसलं असतं. डुएनला थोडा चर मारायला सांगितला. शोभेपुरता.
लुसिंडाने विचारलं, ओचोआबाई थांबा म्हणाल्या होत्या ना? मी समारंभ आणि काम यांतला फरक समजावला. ती भांडी घासत राहिली.

२९ फेब्रुवारी
चर एकशे वीस फूट झाला आहे. डुएन म्हणतो, मशीन आलंच आहे तर.
तत्त्व शाबूत आहे.

५ मार्च
साप्ताहिकाचा वार्ताहर आलाच नव्हता, म्हणून फोटो आणि मजकूर मीच धाडला होता. आज छापून आला, तारखेसकट, शेवटच्या वाक्यासकट. सहा प्रती घेतल्या. एक ओचोआबाईंना पाठवली. उत्तर नाही. भारावल्या असाव्यात.

११ मार्च
सराव. तोंडात दोन अक्रोड धरून भाषण म्हणतो, उच्चार स्वच्छ होतात. लुसिंडा म्हणाली, फुटलेले तरी घे, गिळलेस तर पचतील.
तिने आईचे पडदे धुवायला काढले आहेत. उद्यानंतर घर नक्की आपलं, असं मीच सांगितलं होतं.

१२ मार्च. दुपारी.
ओचोआबाईंनी पडद्यावर एकच चित्र लावलं. मी, सोनेरी फावडं, मागे चर. खाली माझं वाक्य.
मी म्हणालो, फावडं शोभेचं होतं. त्यांनी विचारलं, आणि चर?
तीन मिनिटं मिळाली. रोमन लोक संपायच्या आत घंटा वाजली. अध्यक्ष म्हणाले, अर्नी, आम्ही तुझंच ऐकतोय, आधी सही, मग फावडं. बाकीचे चौघे ते वाक्य त्यांच्याबरोबर ओठांत म्हणत होते. पाच विरुद्ध शून्य.
दोन वर्षांनी भाषण तोंडपाठ असणं हा मोठाच मान आहे. घरी हेच आधी सांगितलं. लुसिंडाने पडदे वाळत घातले होते. ती ते काढायला गेली.

२५ मार्च
दहा दिवसांत अपील करता येतं. मी एकेचाळीस पानं लिहिली. अर्ज एका पानाचाच हवा होता. कापाकापीत मुदत शुक्रवारी संपली. एकेचाळीस पानांत मात्र एक शब्द जास्तीचा नव्हता.

३ एप्रिल
सिग्नलशिवाय घरांना परवानगी नाही, म्हणून तो बांधायचा. शुल्कही पूर्ण भरायचं. बँकेच्या माणसाने विचारलं, विकण्याजोगं काय आहे? मी बराच वेळ बोललो. त्याने कोपऱ्यावरच्या घरावर बोट ठेवलं.
संकल्प: यापुढे फोटो नाही.

१९ सप्टेंबर
आज सिग्नल सुरू झाला. लुसिंडाला तिच्या नव्या भाड्याच्या खोलीवर सोडायला निघालो. मांडीवर पडद्यांची पिशवी. चौकात लाल लागला. नव्वद सेकंद, शाळकरी मुलांना रस्ता ओलांडता यावा म्हणून इतका वेळ मीच भांडून घेतला होता. समोर आईचं घर, सहा झाडं, दारात ‘विकणे आहे’ची पाटी. नव्वद सेकंदांत ती चार वेळा वाचून होते.
काहीतरी बोलायला हवं होतं. रोमन लोकांचं काही आठवेना.
लुसिंडा म्हणाली, हिरवा झालाय, अर्नी.