अंगठ्याची दोरी

सूनबाई,

चादरी धुवायला खाली गेलेय. रात्रपाळीहून आलीस की आधी जेव.

“आई, एक गोळी घेऊन तर बघा,” म्हणालीस, म्हणून काल घेतली. पायांची आग विझली खरी, पण मी मेल्यासारखी झोपले. तुला सांगितलं नव्हतं. यांची वाचा गेल्यापासून यांच्या मनगटाला बांधलेल्या दोरीचं दुसरं टोक माझ्या पायाच्या अंगठ्याला असतं. काही लागलं की ओढतात. काल रात्रभर ओढत राहिले. सकाळी पाहिलं तर मनगट सोललेलं, अंथरूण ओलं.

एरवी दोरी हलली की पायात निखारा पडतो, म्हणून तर मला जाग येते.

पाकिटात एक कमी आहे, तरी दुकानदार परत घेतो का बघ. मनगटाला मलम लावलंय. यांना काही विचारू नकोस, रडतात.

— आई