नवागामचा राजा अडत नाही

१ सप्टेंबर १९९६
यंदा गणपतीत आमचं नवागामचं मंडळ व्हिडिओ फिल्म काढणार. ऐतिहासिक! बोलताना अडखळणारा राजा शेवटी भर दरबारात धडाधड भाषण ठोकतो, अशी स्टोरी. राजा मी. डायरेक्टर योगेश, लग्नाच्या शूटिंगवाला. म्हणाला, नाना, तुम्हाला अ‍ॅक्टिंग करायची गरजच नाही. लोक उगाच हसले. मी अडखळत नाही. शब्दाला जरा बसायला पाट देतो, इतकंच.
संकल्प : रोज आरशासमोर रियाज.

२ सप्टेंबर, सकाळी
‘प्रजाजनहो’च्या ‘प्र’वर थांबलो. मागून बाईच्या आवाजात कोणी ‘प्रजाजनहो’ म्हणालं. सूनबाई उज्ज्वला तर नळावर. शेजारचा रेडिओ असणार.
बायको धुरपदा असती तर म्हटलं असतं तिनेच. उभा जन्म माझी वाक्यं तिने पुरी केली. दुकानात मी ‘स-स’ केलं की ही ‘साखर’. तिला जाऊन दोन वर्षं झाली. भुताखेतांवर माझा विश्वास नाही.

५ सप्टेंबर
पुन्हा रेडिओ. उज्ज्वला म्हणते, बाबा, शेजारी रेडिओच नाही. तिला काय कळतं! उशाशी लिंबू ठेवलं. भ्यालो म्हणून नाही. सरबताला लागतं.

८ सप्टेंबर
शूटिंग. भाषणाच्या एकाच वाक्यावर अर्धी कॅसेट गेली. अडलो की कानाशी पुढचा शब्द यायचा, अगदी तिच्याच सुरात. मी ऐकतच राहायचो, बोलायचं राहून जायचं. योगेश वैतागला. नाना, तुम्ही राजा की घाटात बसलेली एस.टी.? उद्या नाही जमलं तर मंडळातल्या सुपडूला मुकुट. सुपडू! तोंडातली तंबाखू आवरत नाही त्याला, राज्य काय आवरणार!

९ सप्टेंबर
उपाय मीच काढला. लूमच्या खात्यात, म्हणजे मी कामाला जातो त्या कापडाच्या कारखान्यात, मी कधी अडत नाही. यंत्रं खडखडायला लागली की जीभ सुटते. जात्यावर बसलं की ओवी सुचते, तसंच. शेठला विचारून दोन लूमच्या मधे मुकुट घालून उभा राहिलो. एका दमात भाषण! शत्रू, तलवार, प्रजा, सगळं. जोशात पदरचंही घातलं : राणी धुरपदा, आता माझं मी बोलतो, तू नीज. योगेशने मिठी मारली.

११ सप्टेंबर
दोन दिवस एकदाही अडलो नाही. रेडिओही बंद. बरं झालं. घर अगदी मोकळं वाटतं. फारच मोकळं.
तपासणी म्हणून मुद्दाम ‘स-स’ करून पाहिलं. कोणी काही बोललं नाही. ‘साखर’ मलाच म्हणावं लागलं.

१८ सप्टेंबर
फिल्म दाखवली. अख्खी गल्ली लोटली. भाषण आलं. माझे ओठ हलतायत, मुकुट हलतोय, आणि टीव्हीतून नुसता खडखडाट. एक शब्द नाही! पोरं ओरडली, राजा साडी विणतोय! योगेशने कपाळाला हात लावला.
पुढे बसलेली खात्यातली मंडळी मात्र माझ्या ओठांकडे बघत होती. त्या आवाजात एकमेकांचे ओठ वाचूनच आमचा जन्म गेला. त्यांच्यातल्या पुष्पाबाईने डोळ्याला पदर लावला. म्हणाली, नाना, धुरपदाबाईला नीज म्हणालात खरं, पण तुम्ही निजू देता का तिला?
उत्तर तयार होतं. ‘न-न’पर्यंत आलंसुद्धा.

१९ सप्टेंबर, सकाळी
फिल्म टेक्निकल कारणाने पडली. माझं काम चोख होतं. पुढच्या वर्षी डबिंग.
उशाशी ठेवलेलं लिंबू उज्ज्वलाला देऊन टाकलं. चहा पुढे आला. म्हटलं, थोडी स... स... मुद्दाम नव्हे. खरंच अडलो. उज्ज्वला डबा काढायला वळली, तिच्याआधी कानाशी कोणी हळूच ‘साखर’ म्हणालं.
शेजारचा रेडिओ दुरुस्त झालेला दिसतो.